ज्ञानाचे दार आणि उंबरठा

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त हिमायतनगर, हैदराबाद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालय ही संस्था एका साध्या हिशेबावर उभी असते. जो ग्रंथ एकट्याला विकत घेणे परवडत नाही, तो शंभर जणांनी अल्पशी वर्गणी देऊन घेतला तर शंभर घरांत वाचला जातो आणि इतक्या जणांनी वाचूनही त्यातले ज्ञान तसूभर कमी होत नाही. अन्नाची वाटणी केली तर वाटा लहान होतो. विद्येच्या बाबतीत तसे होत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितले गेले आहे. ग्रंथालयाने त्या वचनाला व्यवहारात आणले.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हाच हिशेब विद्यापीठांनी अध्यापनाला लावून पाहिला. एका प्राध्यापकाचे व्याख्यान वर्गातील साठ विद्यार्थ्यांनीच का ऐकावे? ते चित्रित करून इंटरनेटवर ठेवले, तर ज्याला हवे त्याने, हवे तेव्हा, विनामूल्य ऐकावे. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. २००३ मध्ये भारतातील सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या साहाय्याने ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प आरंभिला. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात एक अभ्यासक्रम असा झाला, की ज्याला शुल्क भरलेले विद्यार्थी होते सुमारे पंचवीस आणि विनाशुल्क सहभागी झाले दोन हजारांहून अधिक. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. भारतात ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ ही राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वाध्याय आणि चर्चा अशी तिची चार अंगे आहेत. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी ‘स्वयम् प्रभा’ या नावाने उपग्रहाद्वारे ३२ शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या त्याच वेळी सुरू झाल्या.

मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत या विषयाला स्थान मिळणे योग्यच आहे, कारण हे दोघे एकाच कुळातले आहेत. प्रश्न इतकाच, की दार उघडे ठेवल्याने सगळे आत येतात काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हैदराबाद शहराच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात विद्येची दारे अनेकदा उघडली गेली आणि दर वेळी कुठला ना कुठला उंबरठा शिल्लक राहिला.

पहिला उंबरठा भाषेचा. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मधली. त्याच्या आधी, १९१७ साली, येथे भाषांतर विभाग सुरू झाला होता. इतिहास, कायदा, गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणणे आणि त्यांच्यासाठी परिभाषा घडविणे हे त्याचे काम. जेव्हा देशातील इतर बहुतेक विद्यापीठे इंग्रजीतूनच शिकवीत होती, तेव्हा एका भारतीय भाषेला विद्यापीठीय ज्ञानाचे माध्यम करण्याचे धाडस या शहराने केले. त्या धाडसाचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि, संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातून आलेल्या मुलापुढचा इंग्रजीचा उंबरठा गेला आणि त्या जागी उर्दूचा आला. देशी भाषेत शिक्षण आले, हे खरे. पण त्याच्या घरच्या भाषेत आले नाही, हेही तितकेच खरे. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी शाळा व ग्रंथालये त्या काळात उभी राहिली, त्यांच्या मुळाशी ही वेदना होती.

दुसरा उंबरठा सत्तेचा. १९३८ साली उस्मानियातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. संस्थानात त्यांची शिक्षणाची वाट बंद झाली. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. त्या चळवळीत भाग घेतल्यामुळे संस्थान सोडून नागपूरला जावे लागलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. मराठी त्यांना इतकी आत्मसात झाली, की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. एका शहराने दार लावले आणि दुसऱ्याने उघडले, त्यातून एक माणूस दोन भाषांचा झाला. हेच नरसिंह राव १९८५ मध्ये देशाचे मनुष्यबळ विकास मंत्री झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षीची. मुक्त शिक्षणाला महत्त्वाचे स्थान देणारे १९८६ चे राष्ट्रीय शिक्षण धोरण त्यांच्याच कार्यकाळात आले. शिक्षण मध्येच तुटणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नसेल.

तिसरा उंबरठा पात्रतेचा आणि वेळेचा. तो ओलांडण्याचा देशातील पहिला मोठा प्रयोगही याच भूमीत झाला. १९८२ साली आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९९१ पासून ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. भारतातील हे पहिले मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी. करीमनगर जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेला हा राज्यशास्त्राचा अभ्यासक उस्मानियाचा कुलगुरू झाला, नंतर आंध्रच्या व राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पहिला कुलगुरू झाला आणि शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष. मुक्त विद्यापीठांवर १९८८ साली त्यांनी संपादित केलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकाचा आशय ‘हस्तिदंती मनोरे खुले झाले’ असा आहे.

या प्रयोगाचा विशेष कोणता? ज्याच्याकडे बारावीचे प्रमाणपत्र नाही, त्यालाही पात्रता चाचणी देऊन पदवीच्या अभ्यासक्रमात येण्याची मुभा होती. बसवाहक, कारकून, शिपाई, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या गृहिणी असे लोक घरी बसून पाठ्यपुस्तके वाचू लागले. आकाशवाणीवरून पाठ प्रसारित होत. परंतु राम रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. त्यांनी गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली. सुट्टीच्या दिवशी, वर्ग रिकामे असताना, तेथे विद्यार्थी जमत, शिक्षकाला शंका विचारत आणि मुख्य म्हणजे एकमेकांना भेटत. आपल्यासारखेच आणखी चाळीस जण दिवसभर राबून रात्री अभ्यास करतात, हे कळण्यानेही धीर येतो. महाराष्ट्रात १९८९ साली डॉ. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. तेथेही मराठीतील पाठ्यपुस्तके आणि अभ्यासकेंद्रे ही दोन्ही अंगे एकत्र होती.

या पार्श्वभूमीवर आजच्या विनामूल्य अभ्यासक्रमांकडे पाहिले पाहिजे. त्यांनी उरलेले दोन मोठे उंबरठे, पैशाचा आणि अंतराचा, जवळजवळ सपाट केले. एनपीटीईएलवर नाव नोंदविण्यास आणि शिकण्यास पैसा लागत नाही. अभ्यासक्रम चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे. दर आठवड्याला व्याख्याने येतात आणि स्वाध्याय सोडवून ठरलेल्या तारखेपर्यंत पाठवावा लागतो. ज्याला प्रमाणपत्र हवे त्याने अखेरीस केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी. त्यापुरतेच शुल्क, साधारण हजार रुपयांच्या घरातले. गुणांपैकी पंचवीस स्वाध्यायांचे, पंचाहत्तर परीक्षेचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली अशा अभ्यासक्रमांतून वीस टक्क्यांपर्यंत आणि २०२१ साली चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक पदवीत धरण्यास मान्यता दिली. आयआयटीची प्रवेशपरीक्षा ज्यांना कधीच देता आली नाही, अशा लाखो मुलांना आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकता येऊ लागले. एका पिढीपूर्वी ही गोष्ट स्वप्नवत वाटली असती.

मात्र याच अभ्यासक्रमांची दुसरी बाजूही आकड्यांतच दिसते. मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेने २०१२ मध्ये विद्युत्‌मंडलांवरील पहिला मोठा अभ्यासक्रम घेतला. नावे नोंदविली सुमारे १,५५,००० जणांनी. उत्तीर्ण झाले सुमारे ७,०००. त्या संस्थेच्या आणि हार्वर्डच्या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी साधारण तिघांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला होता. शिवाय शिकणाऱ्यांत संपन्न देशांतील लोकांचाच भरणा अधिक होता. ज्यांच्यासाठी दार उघडले असे म्हटले गेले, ते मोठ्या संख्येने बाहेरच राहिले आणि ज्यांना इतर दारे आधीपासूनच उघडी होती, ते याही दारातून आत आले.

नाव नोंदविणारे सगळेच पूर्ण करण्याच्या इराद्याने येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. ग्रंथालयात येणारा प्रत्येक जण हाती घेतलेले पुस्तक कुठे शेवटपर्यंत वाचतो? कोणी दोन प्रकरणे वाचून आपल्या कामापुरते घेऊन जातो आणि तेही वाचनच असते. तरीसुद्धा ज्याला पूर्ण करायचे होते आणि जमले नाही, त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी हिमायतनगरच्या परिसरातच एक फेरफटका मारावा. वाय जंक्शनपासून नारायणगुड्याकडे निघाले, की शिकवणी वर्गांच्या पाट्या दिसू लागतात. जवळच अशोकनगरला स्पर्धापरीक्षांचे वर्ग आहेत आणि चिक्कडपल्लीला शहर मध्यवर्ती ग्रंथालय. त्या ग्रंथालयात तेलंगणच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. त्यांतील अनेकांच्या हाती फोन आहे आणि हवी ती व्याख्याने त्या फोनवर फुकट मिळतात. मग ही मुले भाड्याच्या खोलीत बसून का ऐकत नाहीत? ग्रंथालयात का येतात? कारण खोलीत टेबल नसते, शांतता नसते आणि शेजारी अभ्यास करणारे दुसरे कोणी नसते. बैठक मोडू नये म्हणून माणसाला दुसऱ्या बसलेल्या माणसाचा आधार लागतो. मोठी विद्यापीठे जे आता आकडेवारीतून शिकत आहेत, ते चिक्कडपल्लीच्या मुलांना आधीच ठाऊक आहे.

आता नांदेड किंवा परभणीहून येथे नोकरीसाठी आलेल्या मराठी तरुणाची कल्पना करावी. दिवसा दुकानात हिशेब लिहितो. रात्री संगणकाचा एखादा अभ्यासक्रम सुरू करतो. पहिले दोन आठवडे उत्साहाने जातात. तिसऱ्या आठवड्यात एक संकल्पना अडते. व्याख्यान तो पुन्हा ऐकतो, तेच वाक्य त्याच इंग्रजीत पुन्हा येते. विचारायचे कोणाला? चर्चेच्या पानावर इंग्रजीत प्रश्न लिहिण्याचा संकोच वाटतो. चौथ्या आठवड्याचा स्वाध्याय राहून जातो. अभ्यासक्रमाच्या नियमात त्यालाही सवलत असते, बारांपैकी चांगले आठच स्वाध्याय धरले जातात. पण ते त्याला कोणी सांगितलेले नसते. पाचव्या आठवड्यात तो ते पान उघडणेच सोडून देतो. यात कोणी त्याला नापास केलेले नाही, कोणी बाहेर काढलेले नाही. म्हणूनच दोष आपलाच, आपली कुवतच तेवढी, असे तो मनाशी ठरवितो. फुकट मिळालेले शिक्षण सुटले, की तक्रार करायलाही जागा राहत नाही. या अभ्यासक्रमांचे सर्वांत मोठे दुखणे हेच आहे.

इंग्रजी आद्याक्षरांवरून या अभ्यासक्रमांना ‘मूक’ असे नाव पडले आहे. मराठी कानाला त्यातला दुसरा अर्थ ऐकू आल्यावाचून राहत नाही. तेथे शिक्षक बोलतो. विद्यार्थी बहुधा मूकच राहतो.

याउलट एक उदाहरण जगभर गाजले. २०१२ च्या त्याच विद्युत्‌मंडलांच्या अभ्यासक्रमात मंगोलियातील उलानबातरच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि पुढे त्याच नामवंत संस्थेत प्रवेशही मिळाला. एकलव्याची कथा म्हणून ती सांगितली गेली. परंतु तिचा तपशील वेगळे काही सांगतो. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः त्याच संस्थेचे पदवीधर होते. त्यांनी शाळेत हा अभ्यासक्रम मुद्दाम सुरू केला, मुलांना एकत्र बसविले, प्रयोगाचे साहित्य मिळविले आणि प्रात्यक्षिकांसाठी अमेरिकेतून एका तरुण अभियंत्याला बोलावले. मुलगा बुद्धिमान होता, यात शंका नाही. पण तो एकटा नव्हता.

मग भाषेचे काय? येथे निराश होण्याचे कारण नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या प्रेरणेने ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. संगणकावरील कामे शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत. पडद्यावरील अक्षरे इंग्रजी असतात, पण आवाज मराठीत, तेलुगूत आणि इतर भारतीय भाषांत ऐकता येतो. थोडे पाहायचे, थांबवायचे, तेच स्वतः करून पाहायचे आणि पुढे जायचे, अशी ही रीत. एनपीटीईएलच्या अनेक व्याख्यानांचे लेखीरूपही मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले गेले आहे. तेलंगणात ‘टी-सॅट’च्या वाहिन्या दूरचित्रवाणीवरून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. साहित्य आहे. ते आहे हे सांगणारा आणि अडल्यावर शेजारी बसणारा माणूस कमी आहे.

येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. नुसत्या शाळेने भागत नाही, शाळा सुटली की अक्षरओळखही सुटते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या पाठविल्या. शाळेचे दार राज्याने उघडले आणि आत आलेल्याला टिकवून धरण्याचे काम ग्रंथालयावर सोपविले. आज विद्यापीठांनी दार उघडले आहे. टिकवून धरण्याचे काम पुन्हा ग्रंथालयांकडे आले आहे.

त्यासाठी फार मोठी योजना नको. वाचनालयातील एक टेबल, दोन संगणक आणि आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. एकच अभ्यासक्रम निवडावा, दहा-बारा जणांनी एकत्र बसून त्या आठवड्याचे व्याख्यान ऐकावे आणि नंतर तासभर मराठीत बोलावे. ग्रंथालयाच्या सभासदांत निवृत्त अभियंते, शिक्षक, बँकेतील अधिकारी आहेत. त्यांनी विषयाचे तज्ज्ञ असण्याची गरज नाही. स्वाध्यायाची तारीख लक्षात आणून देणारा, ‘गेल्या वेळी का आला नाहीत?’ असे विचारणारा एक वडीलधारा माणूस पुष्कळ आहे. ज्या गृहिणीचे शिक्षण तीस वर्षांपूर्वी थांबले, तिला ही जागा महाविद्यालयापेक्षा कमी परकी वाटेल. पुस्तक बदलण्यासाठी ती येथे आधीपासूनच येत असते. गरजू विद्यार्थ्याचे परीक्षाशुल्क भरणे हे आश्रयदात्यांच्या औदार्याला सहज पेलणारे काम आहे. पूर्वी दात्यांच्या नावाने कपाटे दिली जात. आता त्यांच्या नावाने वर्षाला दहा विद्यार्थी परीक्षेला बसावेत.

आणखी एक काम या शहरातील मराठी माणसांनाच जमेल. त्या टेबलावर एक वही असावी. अभ्यासात अडलेला प्रत्येक इंग्रजी शब्द तीत लिहावा. पुढच्या रकान्यात मराठी प्रतिशब्द किंवा मराठीतील स्पष्टीकरण आणि त्यापुढे तेलुगू. १९१७ साली या शहरात विद्वानांचा एक संपूर्ण विभाग परिभाषा घडवीत होता. त्यांच्या तुलनेत ही वही लहान आहे; पण ती शिकणाऱ्यांच्या अडचणीतून तयार होईल आणि पुढच्या तुकडीच्या हाती जाईल. मराठी टिकावी म्हणून हैदराबादेत दर सभेत चिंता व्यक्त होते. जी भाषा नवे ज्ञान समजावून देण्याच्या उपयोगी पडते, तिच्याकडे तरुण आपोआप येतात. ग्रंथालयाच्या सभासदसंख्येची काळजी वाहणाऱ्यांनीही या गोष्टीचा विचार करावा.

हे सर्व केले तरी शंभरांतील शंभर जण अभ्यासक्रम पूर्ण करतील, असे मुळीच नाही. बारा जणांनी आरंभ केला आणि पाच शेवटपर्यंत टिकले, तरी जगातील मोठमोठ्या विद्यापीठांना जे साधले नाही ते एका मराठी ग्रंथालयाला साधले, असे म्हणता येईल. उरलेल्या सातांनाही आपण का थांबलो ते कोणाला तरी सांगता येईल, आणि ज्याला ते सांगता येते, तो बहुधा पुन्हा येतो.

पहिल्या शतकात या ग्रंथालयाने पुस्तक वाचकाच्या घरी पोहोचविले. दुसऱ्या शतकात व्याख्यान प्रत्येकाच्या खिशात आधीच पोहोचलेले आहे. आता ग्रंथालयाने खिशातले ते व्याख्यान घेऊन माणसाला घराबाहेर बोलवावे आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवावी.